रांगा, डॉलर आणि विश्वास: श्रीलंकेतलं सरकार नेमकं कशाने कोसळलं?

९ जुलै २०२२ रोजी कोलंबोतल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात हजारो लोक शिरले. तिथल्या तरणतलावात पोहणारी मुलं आणि दिवाणखान्यात बसून फोटो काढणारी कुटुंबं आपल्याकडच्या वाहिन्यांनीही दिवसभर दाखवली. तेव्हापासून एक समज पक्का झाला आहे: पेट्रोल संपलं, गॅस संपला, लोक चिडले आणि सरकार पडलं.

मला हा समज अपुरा वाटतो. महागाईचा कळस राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे देश सोडून गेल्यानंतर आला. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतला महागाईचा दर ६९.८ टक्के होता. पोट जुलैपेक्षा जास्त जळत होतं, तरी जुलैसारखा जनसागर पुन्हा रस्त्यावर उतरला नाही. त्यात लष्कराच्या दडपणाचा वाटा होता आणि लोक थकलेही होते. तरीही फक्त टंचाईने सरकारं पडतात हे गणित तिथे जुळत नाही. टंचाईच्या जोडीला काय असावं लागतं, हे समजून घ्यायचं तर श्रीलंकेइतकं स्पष्ट उदाहरण आपल्या शेजारात दुसरं नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. गोताबाया कायद्याने पूर्णपणे सत्तेत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते ५२.२५ टक्के मतं घेऊन निवडून आले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाने २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या. त्यांची मुदत नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती, आणि कोणत्याही न्यायालयाने किंवा संसदेने त्यांना हटवलं नव्हतं. पण ८ जुलैच्या रात्री पोलिसांनी कोलंबो परिसरात संचारबंदी लावली, तेव्हा वकिलांच्या संघटनेने ती बेकायदा असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि सकाळी पोलिसांना ती मागे घ्यावी लागली. बाहेरगावच्या आंदोलकांनी रेल्वेला गाड्या सोडायला लावल्या आणि ते राजधानीत पोहोचले. कागदावरचे सगळे अधिकार जागेवर होते, पण त्यांचा हुकूम ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

जे उरलं नव्हतं त्याला राज्यशास्त्रात अधिमान्यता म्हणतात. सरकारचा निर्णय आवडला नाही तरी निर्णय घेण्याचा हक्क त्यांचाच आहे असं लोकांना मनातून वाटणं, एवढाच तिचा अर्थ. विश्वास ही त्याहून वेगळी आणि जास्त नाजूक गोष्ट आहे. सरकार खरं सांगेल, जमेल तेवढं करेल आणि आपल्याला फसवणार नाही, ही अपेक्षा म्हणजे विश्वास. विश्वास उडाला आणि अधिमान्यता टिकली, तर लोक पुढच्या निवडणुकीची वाट पाहतात आणि सरकार बदलतात. दोन्ही गेलं, तर वाट पाहायला कोणी तयार होत नाही.

सरकारला याची एवढी गरज का असते? कारण कोणत्याही सरकारकडे दर घराबाहेर एक शिपाई उभा करण्याइतकी माणसं नसतात. कर, वाहतुकीचे नियम, लसीकरण, बँकेतल्या ठेवी यांतलं बहुतेक काही लोक आपणहून पाळतात म्हणून चालतं. हे भिशीसारखं आहे. बाकीचे आपला हप्ता भरतील आणि पैसे ठेवणारा पळून जाणार नाही, या दोन खात्र्यांवर भिशी चालते. त्यातली एक जरी डळमळली, तरी सगळ्यांना आपले पैसे आधी काढून घ्यायचे असतात.

राजपक्षे कुटुंबाला अधिमान्यता कुठून मिळाली होती? माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने परंपरा, नेत्याचं व्यक्तिगत तेज आणि कायदा असे तिचे तीन उगम सांगितले. पुढे फ्रिट्झ शार्फ या जर्मन अभ्यासकाने प्रश्न अधिक व्यवहारी केला: लोकांचं म्हणणं सरकारात पोहोचतं का, आणि सरकारचं काम लोकांपर्यंत पोहोचतं का? एक बाजू सहभागाची, दुसरी परिणामांची. राजपक्ष्यांची भिस्त जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या बाजूवर होती. गोताबायांचे थोरले भाऊ महिंदा राष्ट्राध्यक्ष आणि गोताबाया संरक्षण सचिव असताना २००९ मध्ये तमिळ वाघांविरुद्धचं युद्ध संपलं. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, चर्च आणि हॉटेलांत झालेल्या स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं मेली, आणि 'देश सुरक्षित ठेवू शकणारा माणूस' म्हणून लोकांनी गोताबायांकडे पाहिलं.

अशा अधिमान्यतेत दोन धोके असतात. काम जमलं नाही की हाताशी दुसरं काही उरत नाही, हा पहिला. दुसरा अधिक खोल आहे: ही मान्यता नेमकी कोणाची? गोताबायांनी शपथ घेतली ती अनुराधापूरच्या रुवनवेलिसाय स्तूपापाशी, आणि आपण सिंहली बहुसंख्याकांच्या बळावर निवडून आलो, हे त्यांनी त्याच वेळी बोलून दाखवलं. उत्तर आणि पूर्वेतल्या तमिळ आणि मुस्लिम मतदारांनी प्रचंड बहुमताने त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. पुढे कोविड आला. दफन चालेल असं जागतिक आरोग्य संघटना सांगत असताना सरकारने मुस्लिम मृतांनाही सक्तीने दहन लावलं. २०२० मध्ये सुरू झालेला हा नियम फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये सरकारने त्याबद्दल औपचारिक माफी मागितली. ज्यांच्या घरातल्या माणसाचं शव असं जाळलं गेलं, त्यांच्या दृष्टीने सरकार डॉलर संपण्याच्या कितीतरी आधी कोसळलं होतं.

आता पैशाकडे येऊ. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि कर भरणाऱ्या व्यवसायांची उलाढालमर्यादाही खूप वाढवली. लोक खूश झाले, पण तिजोरी आटली. पतमानांकन संस्थांनी देशाची पत खाली आणली आणि परदेशी बाजारात नवं कर्ज मिळणं बंद झालं. त्याच सुमाराला कोविडने पर्यटन थांबवलं. २०१९ च्या अखेरीला परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ७.६ अब्ज डॉलर होती. मे २०२२ मध्ये तिच्यातले वापरता येण्याजोगे डॉलर ५ कोटीही नव्हते, आणि हे अर्थमंत्र्यांनीच सांगितलं.

पण गंगाजळी आटण्याची एक वाट क्वचितच समजावून सांगितली जाते, आणि विश्वास म्हणजे काय ते मला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. आखातात आणि इतरत्र काम करणारे लाखो श्रीलंकन दर महिन्याला घरी पैसे पाठवतात. २०२० मध्ये बँकांमार्फत असे सुमारे ७.१ अब्ज डॉलर आले. मग मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास दाबून धरला. खुल्या बाजारात हवालावाला त्याहून बराच जास्त भाव देत होता. कुवेतमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईने काय करावं? घरी दोन पैसे जास्त पोहोचतील तो मार्ग तिने धरला. बँकेतून येणारी रक्कम २०२१ मध्ये साडेपाच अब्जांवर आणि २०२२ मध्ये चार अब्जांच्याही खाली आली. कोणी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. सरकारने सांगितलेला भाव खरा नाही, एवढंच लाखो लोकांनी स्वतंत्रपणे ठरवलं. अविश्वास असाच आधी व्यवहारात उतरतो. रस्त्यावर यायला त्याला वेळ लागतो.

खताच्या निर्णयाने तर गावंही गमावली. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सेंद्रिय शेतीकडे जाण्याचं वचन होतं. प्रत्यक्षात २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली. कृषितज्ज्ञ विरोध करत होते, भातशेतकरी आणि चहामळेवाले हात जोडत होते. डॉलर वाचवणं हा यामागचा एक हिशेब होता, पण लोकांना तो मोकळेपणाने सांगितला गेला नाही. भाताचं पीक घसरलं, जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी बरीचशी मागे घेतली गेली. राजपक्ष्यांना भरभरून मतं देणारा वर्ग हाच होता. 'आम्हाला कोणी विचारलं का नाही?' हा शेतकऱ्याचा प्रश्न सहभागाच्या बाजूचा होता. परिणामांच्या जोरावर उभ्या असलेल्या सरकारकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि आता तर परिणामही नव्हते.

तरीही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायची गरज नाही, आपला मार्ग आपण काढू, असं मध्यवर्ती बँक सांगत राहिली. जानेवारी २०२२ मध्ये औषधं आणि इंधनाला डॉलर कमी पडत असताना परदेशी रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर फेडले गेले. हे थांबवा आणि डॉलर गरजेच्या वस्तूंसाठी राखा, असं अनेक अर्थतज्ज्ञ आधीपासून सांगत होते. या एका निर्णयाने सामान्य माणसाला कळलं की अडचणीच्या वेळी रांगेत पहिला नंबर कोणाचा आहे. आणि त्या वेळी राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, अर्थमंत्री अशी सगळी मोठी पदं एकाच घरातल्या भावांकडे होती.

मार्चअखेरीला भारनियमन रोज तेरा तासांवर गेलं. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. ३१ मार्चच्या रात्री लोक मिरिहाना भागातल्या गोताबायांच्या घरावर चालून गेले, ९ एप्रिलला कोलंबोतल्या गॉल फेसच्या किनाऱ्यावर आंदोलकांचे तंबू उभे राहिले, आणि १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. स्वातंत्र्यानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. ९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी शांततेने बसलेल्या आंदोलकांवर हल्ला केला, त्याला देशभर हिंसक प्रत्युत्तर मिळालं, आणि महिंदांनी पंतप्रधानपद सोडलं. गोताबाया १३ जुलैला मालदीवला पळाले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून त्यांनी राजीनामा पाठवला.

'हे जागतिक संकट आहे' असं सरकार वारंवार म्हणत होतं. त्यात तथ्यही होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कच्चं तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर गेलं. कोविडनंतर परतू लागलेल्या पर्यटकांत रशियन आणि युक्रेनियन मोठ्या संख्येने होते, तेही आटले. पण हीच लाट त्या वर्षी डझनावारी गरीब देशांवर आदळली आणि सगळीकडे राष्ट्राध्यक्षांना पळावं लागलं नाही. जागतिक धक्का कोणाच्याच हातात नसतो. तो येतो तेव्हा विश्वासाची शिल्लक किती आहे, हे मात्र सरकारच्या आधीच्या वागण्यावर ठरतं. श्रीलंकेत ती शिल्लक तेल महागण्याच्या आधीच संपली होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट पेट्रोल पंपावर घडली. जून-जुलैमध्ये इंधनाच्या रांगा कित्येक किलोमीटर जात. लोक रिक्षांत झोपत, आणि रांगेतच प्राण गेल्याच्या बातम्या येत. ओळख असणाऱ्याला मागच्या दाराने मिळतं, कॅन भरून काळ्या बाजारात जातं, हे सगळ्यांना दिसत होतं. मग जुलैच्या उत्तरार्धात क्यूआर कोडवर चालणारा राष्ट्रीय इंधन पास आला. प्रत्येक वाहनाला आठवड्याचा ठरलेला कोटा: सुरुवातीला मोटारसायकलला ४ लिटर, तीनचाकीला ५ आणि कारला २०. रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याला ५ लिटरमध्ये काहीच होत नव्हतं, हे खरं. इंधनही एकाएकी मुबलक झालं नव्हतं. तरीही पुढच्या आठवड्यांत रांगा झपाट्याने आटल्या. कारण उघड आहे. आपला वाटा ठरलेला आहे आणि उद्या आलो तरी तो मिळेल, हे कळल्यावर आजच टाकी काठोकाठ भरण्याची घाई उरत नाही. साठा वाढवण्याआधी वाटपाचा नियम दिसता आणि सगळ्यांना सारखा केला, आणि तेवढ्याने घबराट खाली आली. कमी आहे हे लोक सोसतात. कमी आहे म्हणून आपल्याला थांबवून दुसऱ्याला दिलं जातं, हे सोसत नाहीत.

गोताबायांनंतर आलेले रानिल विक्रमसिंघे हे या विषयातलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे, आणि त्यांच्या बाबतीत न्यायाने बोलायला हवं. २० जुलै २०२२ रोजी संसदेने १३४ मतांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं. राज्यघटनेप्रमाणे ते अगदी नियमात होतं. पण २०२० च्या निवडणुकीत ते स्वतः हरले होते, त्यांच्या पक्षाला देशभरातून एकच जागा मिळाली होती आणि तीही राष्ट्रीय यादीतून, म्हणजे मतदारसंघ जिंकून नव्हे तर देशभरातल्या मतांच्या वाट्याने. त्यांना मतं दिली ती राजपक्ष्यांच्याच खासदारांनी. दोन दिवसांत लष्कराने मध्यरात्री गॉल फेसचे तंबू उखडले. दुसरीकडे त्यांनी नाणेनिधीशी करार घडवला आणि मार्च २०२३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर करून घेतला. त्याच वर्षी महागाई एक अंकी झाली. वीज आली, गॅस आला, रांगा गेल्या. परिणामांच्या कसोटीवर हे मोठं यश होतं.

आणि तरी सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांना जेमतेम १७ टक्के मतं पडली. लोक कृतघ्न होते का? मला तसं वाटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला, विजेची बिलं अनेक पटींनी वाढली, म्हणजे खड्डा भरण्याचं काम सामान्य घरांवर आलं. मार्च २०२३ मध्ये ठरलेल्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. भार उचला, पण मत देऊ नका, असा त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निवडणूक न घेणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचं ठरवलं.

त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये याच न्यायालयाने आणखी मोठा निकाल दिला होता. गोताबाया, महिंदा, त्यांचे भाऊ आणि माजी अर्थमंत्री बासिल आणि मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांच्यासह काही पदाधिकाऱ्यांनी अर्थव्यवस्था हाताळताना जनतेच्या विश्वासाचा भंग केला, असं चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरलं. सत्ता ही मालकी नाही, ती लोकांच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, हे तत्त्व त्यामागे होतं. शिक्षा म्हणाल तर अर्जदारांना प्रत्येकी दीड लाख श्रीलंकन रुपये खर्च देण्यापलीकडे काही झालं नाही. तरी मला तो निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण दोन वर्षं 'जागतिक संकट' या शब्दांआड लपलेली जबाबदारी एका संस्थेने नावानिशी लिहून ठेवली.

विक्रमसिंघेंच्या जागी आले अनुरा कुमारा दिसानायके. २०१९ मध्ये त्यांना फक्त ३ टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०२४ मध्ये ४२.३ टक्के. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या, त्यात तमिळबहुल जाफनाही आलं. यातलं विशेष हे की दिसानायकेंनी नाणेनिधीचा कार्यक्रम तोडला नाही. अटी जवळपास त्याच, करही बहुतेक तेच, पण सांगणारा माणूस लोकांनी स्वतः निवडलेला आणि जुन्या घराण्यांच्या बाहेरचा. तोच कडू निर्णय एका सरकारच्या हातून अन्याय वाटतो आणि दुसऱ्याच्या हातून नाइलाज. अधिमान्यतेचं व्यवहारातलं मोल हेच.

याची उलट बाजू बांगलादेशात दिसली. तिथे वर्षानुवर्षं वाढीचे आकडे चांगले होते, पण जानेवारी २०२४ ची निवडणूक मुख्य विरोधकांच्या बहिष्कारात पार पडली आणि ऑगस्टमध्ये शेख हसीनांना देश सोडावा लागला. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरच्या बंदीने ठिणगी पडली आणि पोलिसांच्या गोळीबारानंतर दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ओलींचं सरकार गेलं. तिन्ही देशांतली कारणं वेगळी आहेत आणि त्यांना एकाच साच्यात कोंबणं चूक ठरेल. पण कोणत्याही सरकारबद्दल विचारावेत असे काही प्रश्न तिन्हीकडे लागू पडतात. वाईट आकडा सरकार स्वतः आधी सांगतं की तो बाहेरून फुटतो? कपात कोणाच्या ताटातून सुरू होते? आणि ठरलेल्या तारखेला त्यांना घरी पाठवण्याची सोय शाबूत आहे का? माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, कारण तो मार्ग उघडा असेल तर बाकीच्या चुका दुरुस्त करायला वाव राहतो.

उत्तरेकडच्या तमिळांबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. २०२२ मध्ये गॉल फेसला जे जमले, त्यांच्या यातना खऱ्या होत्या. पण अन्नाची, औषधांची, इंधनाची टंचाई उत्तरेने युद्धात वर्षानुवर्षं भोगली होती, आणि तेव्हा दक्षिणेतून कोणी आलं नव्हतं. त्यामुळे तिथले अनेक जण आंदोलनापासून थोडं अंतर राखून होते. तरी १८ मे २०२२ रोजी गॉल फेसला एक गोष्ट पहिल्यांदा घडली. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत मुल्लिवायक्काल इथे मेलेल्या तमिळांचं स्मरण कोलंबोत उघडपणे झालं, आणि वेढ्यात अडकलेल्या लोकांनी जी पातळ पेज पिऊन दिवस काढले तीच पेज सिंहली आंदोलकांनीही घेतली. एका देशात दोन वेगवेगळ्या लोकसमूहांना सरकारबद्दल दोन वेगळे अनुभव असू शकतात, हे तिथे अनेकांना प्रथमच जाणवलं असावं.

नव्या सरकारलाही ही परीक्षा चुकलेली नाही. रखडलेल्या स्थानिक निवडणुका अखेर ६ मे २०२५ रोजी झाल्या आणि संसदेच्या निवडणुकीत ६१ टक्क्यांहून अधिक मतं मिळवलेली आघाडी ४३ टक्क्यांवर आली. दहशतवादविरोधी कायदा रद्द करू आणि राष्ट्राध्यक्षांच्या हातातली अमर्याद सत्ता काढून घेऊ, ही वचनं २०२५ संपेपर्यंत पूर्ण झाली नव्हती. प्रांतिक परिषदा १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून जन्मल्या आणि तमिळांना थोडी तरी स्वायत्तता मिळावी म्हणून उभ्या राहिल्या. त्यांची निवडणूकही झालेली नाही. उत्तर प्रांतात त्यासाठी शेवटचं मतदान सप्टेंबर २०१३ मध्ये झालं होतं. २०१८ मध्ये मुदत संपल्यापासून तिथला कारभार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले राज्यपाल पाहतात.